वरचे आठ मणी

संध्याकाळी सात वाजता बंगळुरातल्या बेळ्ळंदूरमध्ये कशाचाच भरवसा नसतो. इब्लूरच्या चौकात बस अर्धा तास एका जागी उभी राहते, सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर अडकलेला असतो, लिफ्ट चौथ्या मजल्यावर रुसते, आणि आठला ठरलेला माझा कॉल साडेसातला सरकलेला असतो. या सगळ्या गोंधळात एकच गोष्ट घड्याळाला धरून होते. नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेल्या तुळशीपाशी, माझी आई निरांजन लावते आणि ज्ञानदेवांचा हरिपाठ म्हणायला बसते.

वडील गेल्यावर ती मोडनिंबहून इथे आली. कन्नड फारसं येत नाही, ‘एष्टु’ (किती) आणि ‘साकु’ (पुरे) या दोन शब्दांवर तिचा सगळा बाजार चालतो. घर बदललं, राज्य बदललं, खिडकीबाहेर ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती आल्या. सात वाजता मात्र काही बदललं नाही. एकदा मी विचारलंच, ‘‘आई, रोज तेच ते म्हणून कंटाळा नाही का गं येत?’’

‘‘नेम आहे तो,’’ ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. माझ्या डोक्यात तो तिथं सुरू झाला.

नेम. आपण हा शब्द दिवसातून किती वेळा, किती तऱ्हांनी वापरतो ते पाहा. रोजचं ठरलेलं आचरण म्हणजे नित्यनेम. गोफण उचलून पाखरावर धरतो तोही नेम, आणि तो अचूक असला की माणूस नेमबाज. नोकरीवर घेतात ती नेमणूक, वाट्याला आलेलं काम ते नेमून दिलेलं. जिथं बोट ठेवायचं ती जागा नेमकी. आणि ज्याचं काही सांगता येत नाही, त्याचा काय नेम! संस्कृतातला ‘नियम’ लोकांच्या तोंडात झिजून गुळगुळीत झाला आणि त्याला इतके धुमारे फुटले. आमच्या कंपनीत वर्षातून एकदा ‘आपलं जीवितकार्य शोधा’ अशी कार्यशाळा असते. त्यात तीन प्रश्न तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहून घेतात: मला काय करायला पाठवलंय, माझं लक्ष्य काय, आणि मी रोज काय करतो. मराठी माणसानं तिन्ही कागदांवर एकच शब्द लिहिला तरी चालेल. बोलणाऱ्या लाखो तोंडांनी, कुणी ठरवलेलं नसताना, देवानं सोपवलेलं काम, त्यावर रोखलेली नजर आणि रोजची सवय एकाच शब्दात कोंबली, याचं मला अजून नवल वाटतं.

‘वारी’चंही तसंच. वारी म्हणजे खेप, पुन्हा पुन्हा जाणं. एका पंथानं स्वतःला ओळख दिली ती या खेपेवरून: वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, हरिपाठ, ठरलेली वारी. दीक्षेच्या वेळी कुणी विचारत नाही की तुझ्या आयुष्याचा हेतू काय. करायच्या गोष्टी सांगतात आणि सोडून देतात.

हे सोडून देणं भाबडेपणाचं आहे की त्यात काही खोल अक्कल आहे? मी मूळची आकडेवाली, म्हणून आधी आकड्यांकडे गेले.

समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप केलं, साधारण १६२० ते १६३२, आणि तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप पुरा केला, असं परंपरा सांगते. रोज सकाळी नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून. तेरा कोटी हा आकडा ऐकताना आपण मान डोलावतो आणि पुढे जातो, कारण तो डोक्यात शिरतच नाही. तो शिरवायचा म्हणून मी भागाकार केला. बारा वर्षांचे दिवस झाले ४,३८०. रोजचा जप आला सुमारे २९,६८०. मग आईला म्हटलं, एक माळ ओढ, मी वेळ लावते. अडीच मिनिटं लागली. माळेत मणी १०८, म्हणून मी भागायला घेतलं, तर आईनं थांबवलं. ‘‘शंभर धर. वरचे आठ चूकभुलीचे.’’

जप करणाऱ्या घरांतून हा हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो, मला नव्हता. मन भरकटतं, मणी दोनदा सरकतो, मध्येच दार वाजतं, म्हणून आठ मणी चुकण्यासाठी राखलेले. तर शंभरानं भागलं. रोजच्या २९७ माळा, म्हणजे बारा तासांहून जास्त. अर्धा दिवस, बारा वर्षं. अशक्य नाही. पण त्यात दुसरं काही मावणारही नाही.

आई रोज अकरा माळा करते. त्या गतीनं तेरा कोटी व्हायला ३२४ वर्षं लागतील, हेही मी तिला करून दाखवलं. तिनं चष्मा कपाळावर चढवला. ‘‘मग लागू देत की,’’ म्हणाली, ‘‘मला कुठं जायचंय?’’

खालच्या मजल्यावर एक कन्नड आजी राहतात. त्यांच्या देव्हाऱ्यात गोंदवलेकर महाराजांची तसबीर बघून आईला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. साताऱ्याच्या माणदेशातल्या या सत्पुरुषानं (१८४५–१९१३) आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, नाम घ्या. त्यांचे शिष्य ब्रह्मानंद महाराज कर्नाटकातले, त्यांच्यामुळे ती गोष्ट कन्नड घरांत पोचली. आता मंगळवारी दोघी एकत्र माळ ओढतात. एकमेकींची भाषा येत नाही. बोलायचं असतं ते तेरा अक्षरांचं.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू, कारण इथं मला खरा चकवा बसला. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. चेहरा बदललेल्या रुग्णाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘निदान’ गळून पडलं आणि २१ दिवस उरले. प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली, ती २०१० मध्ये छापून आली. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडली: जेवणासोबत फळ खायचं, न्याहारीनंतर पाणी प्यायचं, असं काही. रोज एका ठरल्या खुणेला बांधून ती करायची. ती आपोआप होऊ लागायला मधला आकडा आला ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि त्या अभ्यासातली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी की, एखादा दिवस चुकला तर घडी विस्कटत नाही. सवय पुढे मुरतच राहते.

म्हणजे वरचे आठ मणी! माळ ओवणाऱ्याला हे कुणी सांगितलं होतं?

आणखी खोल गेलं की आणखी गंमत आहे. मेंदूच्या आत तळाशी बेसल गँग्लिया नावाचा पेशींचा समूह आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या बोळात सोडलं, टोकाला चॉकलेट. पहिल्या पहिल्या खेपांना त्या भागातल्या पेशी वाटभर कुजबुजत होत्या: इथं वळ, इथं हुंग, आता पुढे. खेपा वाढल्या तसा मधला आवाज विरत गेला. शेवटी पेशी फक्त दोनदा बोलू लागल्या, सुरुवातीला आणि शेवटी. मधलं सगळं गाठोडं बांधल्यासारखं एकसंध झालं. उंदीर धावतोय, पण ‘कसं धावायचं’ याचा कारभार मेंदूनं सोडून दिलाय.

हे वाचलं आणि मला जातं आठवलं. पहाटे दळायला बसलेल्या बाईचा एक हात खुंट्यावर, दुसरा मूठमूठ दाणे पाळीच्या तोंडात सोडतोय. पहिल्या पाच-दहा फेऱ्यांनंतर हातांना तिची गरज उरत नाही. मग मोकळी झालेली ती काय करते? गाते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या टिपल्या, त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. एक लाख! कागद नाही, फुरसत नाही, बहुतेकींना अक्षरओळख नाही. होती ती दळणाची सक्ती आणि हात सवयीला लागल्यावर रिकामं झालेलं मन. त्या रिकाम्या जागेत भाऊ आला, माहेर आलं, आणि विठ्ठल आला.

गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. तिच्याबरोबर देव दळायला बसला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, आणि पंढरपूरशेजारी गोपाळपूरला तिचं म्हणून जातं आजही दाखवतात. ती कथा मला आता फार शब्दशः खरी वाटते. तो जात्यापाशी आला, कारण तिथं तिच्या मनात जागा झाली होती. माझी समजूत होती की नेमानं माणूस हळूहळू ध्येयाच्या जवळ सरकतो, पायऱ्या चढल्यासारखा. नेमाचं खरं काम बहुधा निराळंच आहे: हात गुंतवायचे आणि आतली जागा झाडून ठेवायची. पुढे कोण येऊन बसेल त्याचा नेम नाही.

बेळ्ळंदूरला परत येते. इथल्या तळ्याबद्दल तुम्ही वाचलं असेल ते फेस आणि आग याच दोन शब्दांत. सुमारे नऊशे एकरांचं हे तळं, बंगळुरातलं सगळ्यात मोठं. शहराच्या चढावरच्या तळ्यांचं पाणी एकातून दुसऱ्यात उतरत आगरच्या तळ्यातून इथं येतं, इथून वर्तूरला, तिथून दक्षिण पिनाकिनी नदीत आणि शेवटी तमिळनाडू ओलांडून बंगालच्या उपसागरात. शेजारच्या आगरला नवव्या शतकातला कन्नड शिलालेख आहे. तळ्यांना तूबू, म्हणजे पाणी सोडायची मोरी, बसवून नवं तळं बांधणाऱ्या एका गावप्रमुखाला त्याबद्दल जमीन तोडून दिल्याची त्यात नोंद आहे. अकराशे वर्षांहून जुनी गोष्ट.

तळं बांधणाऱ्याचं नाव दगडावर गेलं. ते चालवणाऱ्याचं कधीच गेलं नाही. त्याला इकडे नीरुगंटी म्हणतात. गावानं नेमलेला माणूस. तळ्याच्या बांधावर रोज फेरी मारायची, घुशीचं बीळ दिसलं की बुजवायचं, तूबू उघडायचा, आणि मग पाण्याबरोबर चालत जायचं, या वाफ्याला इतकं, त्या वाफ्याला तितकं, शेवटच्या शेतापर्यंत. मोबदला सुगीला धान्याच्या पेंढ्यांत. बऱ्याच गावांत नीरुगंटीची स्वतःची जमीन त्या पाण्याखाली नसे. म्हणून तर त्याच्या वाटपावर सगळ्यांचा विश्वास. धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यातल्या पाणीवाटपाच्या फड पद्धतीत हेच काम पाटकरी करतो. तिथंही पाणी त्याच्या पायांमागून चालतं.

मला या नीरुगंटीचा विचार करताना गरगरायला होतं. एक माणूस, एक फेरी, एक बीळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच्यामागे त्याचा मुलगा. असं शेकडो वर्षं, शेकडो तळ्यांवर, म्हणून या कोरड्या पठारावर, जिथं बारमाही मोठी नदी नाही, तिथं भात पिकत राहिला. एक बीळ एका पावसाळ्यात बुजवायचं राहिलं असतं तर बांध फुटला असता. नेम पाळला गेला तेव्हा काहीच घडलं नाही, आणि जे घडलंच नाही त्याचा शिलालेख कोण कोरणार?

आता नीरुगंटी नाही. शेतं गेली, त्यांच्यावर आम्ही राहतो. पण तळ्याचा नेम सुटलेला नाही, फक्त तो आमचा झालाय. सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळात आमच्या सोसायटीतलं प्रत्येक वॉशिंग मशीन घरघरत असतं. प्रत्येक घरातून एक चमचा साबणपूड. तिचा रेणू मोठा मजेदार आहे: एका टोकाला पाणी हवं असतं, दुसरं टोक पाण्यापासून पळतं आणि तेलकट मळाला बिलगतं. मळ निघतो तो या ओढाताणीमुळे. पण वापरून झाल्यावर ते रेणू मरत नाहीत. शहराच्या सांडपाण्याचा मोठा वाटा वर्षानुवर्षं या तळ्यात आला, बराचसा शुद्ध न होता. साबणाचे रेणू मैल्याच्या कणांना चिकटून तळाशी गाळात जमा होत राहिले. मग पहिला जोराचा पाऊस येतो, गाळ ढवळतो, आणि तळ्याच्या येमलूरकडच्या सांडव्यावरून पाणी कोसळताना त्यात हवा कोंडली जाते. पळपुटी टोकं हवेकडे वळतात, बुडबुडा तयार होतो. गाळाचे बारीक कण त्याला फुटू देत नाहीत. कोटी कोटी बुडबुड्यांचे पांढरे डोंगर वाऱ्यावर उडून रस्त्यावर, मोटारींच्या काचांवर. मे २०१५ मध्ये तो फेसच पेटला. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये तळ्यावर आग लागली, शेवटच्या वेळी विझवायला लष्कराचे जवान उतरले. गेली काही वर्षं गाळ काढणं चालू आहे. काठावरून जाताना मी अजूनही नाकाला ओढणी लावते.

कुणीही ठरवून तळं नासवलं नाही. एक एक चमचा, रोज, ठरल्या वेळी. टाकळीचे तेरा कोटी आणि बेळ्ळंदूरचा फेस हे एकाच गणिताचे दोन निकाल आहेत, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ मशीनच्या गोल काचेकडे बघत बसले होते.

आणखी एक खोच राहते, ती टाळून हा विषय गोड करणं मला पटणार नाही. ‘नेमून दिलेलं काम’ म्हणताना, नेमलं कुणी? ज्ञानदेव गीतेच्या तिसऱ्या अध्यायावर लिहिताना स्वधर्मालाच नित्ययज्ञ म्हणतात, आणि त्या ‘नित्य’ शब्दावर मी लुब्ध आहे. पण नीरुगंटी बहुतेक करून दलित जातींतले असत, आणि मुलानं बापाचंच काम करायचं हे देवानं नव्हे, गावानं ठरवलेलं होतं. संत चोखामेळा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला वेठीनं लावलेल्या बांधकामाची भिंत कोसळून तिच्याखाली गेले. ती वेठ त्यांना विठ्ठलानं नेमून दिली होती, असं म्हणायची माझी जीभ धजत नाही. त्यांनी स्वतःचा म्हणून जो नेम धरला तो अभंगाचा, आणि तो त्यांना कुणी लावून दिला नव्हता. देवळाच्या पायरीपाशीच ज्यांना थांबवलं होतं, त्यांनी धरलेला नेम थेट गाभाऱ्यात लागला. या दोन नेमांतला फरक प्रत्येकानं आपापल्या घरात तपासायचा असतो. आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई सकाळी चार वाजता उठतात. त्याला मी त्यांचा नेम म्हणायचं की माझी सोय?

आईपाशी या प्रश्नाचं उत्तर नाही, पण गोष्ट आहे. मोडनिंबपासून जवळच अरण आहे, संत सावता माळ्यांचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेलं असावं इतक्या खात्रीनं ती सांगते की सावतोबा पंढरीला गेलेच नाहीत. पंढरपूर काही लांब नव्हतं. पण मळ्याला पाणी द्यायचं असे, खुरपायचं असे, भाजी उपटायच्या बेताला आलेली असे. मळा हीच वारी. १२९५ मध्ये ते तिथंच समाधिस्थ झाले. आषाढीला महाराष्ट्रभरच्या संतांच्या पालख्या पंढरपुरात गोळा होतात. सावता महाराजांची त्यात नसते. उलट आषाढ वद्यात, त्यांच्या पुण्यतिथीला, पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. सगळे ज्याच्याकडे चालत जातात तो या एका माळ्याकडे स्वतः चालत येतो, दर वर्षी, नेमानं.

गेल्या वर्षी त्या दिवशी मी घरून काम करत होते. आईनं फोनवर सोहळा लावून मागितला. फोन तिनं गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि खाली सतरंजीवर मेथीची जुडी घेऊन बसली. मध्येच चित्र अडकायचं, मग ती फोनवर हळूच टिचकी मारायची, रेडिओला मारतात तशी. टाळांचा आवाज आला, गर्दी हलली, पालखी गावात शिरली. तिनं ओले हात पदराला पुसून जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा मांडीवर अर्धी जुडी अजून बाकी होती, आणि ती पुन्हा पानं खुडायला लागली.